तपासणारीचं नाव

एंडिकॉट, न्यूयॉर्क
१२ ऑक्टोबर २०१८

प्रिय फिलो,

कशी आहेस? तुमच्याकडे तळ्यावरचा वारा एव्हाना सुरू झाला असेल. डोरीनला आणि तिच्या मुलांना माझी आठवण सांग. मी बरी आहे. डावा गुडघा मात्र माझ्याआधीच म्हातारा झालाय, जिना उतरताना सगळ्या शेजाराला ऐकू जाईल एवढा कुरकुरतो.

हिला आज कागद कुठून सुचला, असं म्हणशील. कोडवाल्यांच्या ईमेल लिस्टवर भेटतोच की आपण. पण लिस्टवर लिहिलेलं सगळं जग वाचतं, आणि ते कायमचं राहतं. मला आज नुसतं तुझ्याशी बोलावंसं वाटलं. शिवाय सिस्टर मेथोडियांनी वळण लावलेलं हे अक्षर आता किराण्याच्या चिठ्ठीपुरतंच उरलंय, त्याचंही वाईट वाटतं. शाळेची इमारत परवा रंगवली. निळी! सिस्टर असत्या तर रंगाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

गुरुवारी मी अजून चर्चच्या तळघरात सारण भरलेल्या पिरोही करायला जाते. आता सहाच जणी उरलोय, त्यातल्या दोघी बसून नुसत्या कडा दाबतात. हेलन झेंबेक आठवते ना, बेकरीवाल्या झेंबेकची सून? ती काल सगळ्यांदेखत म्हणाली, "मिली, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या कॉम्प्युटरसमोर दिवसभर काय करतेस गं? कुणी मित्रबित्र मिळालाय का?"

"मिळालाय," म्हटलं. "जर्मनीत असतो. रोज माझ्या चुका काढतो."

"मग तो मित्र कसला, नवराच की!"

हसून हसून पीठ सांडलं. पण हेलन सोडते थोडीच? "नाही, खरंच सांग, करतेस काय?"

मग मी पीठ लागलेल्या हातांनीच सांगायला बसले. म्हटलं, एक मोठं यंत्र असतं. त्याच्या पोटात शेकडो आभासी यंत्रं नांदतात, आणि प्रत्येकाला वाटतं, हे सगळं घर आपलंच. घराची मालकीण एकच, तिचं नाव हायपरवायझर. आत्ता घरात कोण कोण आहे, कुणी किती जागा अडवली, कुणी किती खाल्लं, हे तिला विचारून आणावं लागतं. ते विचारणारा कोड लोक लिहितात. तो नीट विचारतो का, हे मी ओळ न् ओळ वाचून बघते. बरोबर असला तर खाली 'तपासलं' असं लिहून आपलं नाव घालते. तपासणाऱ्याचं नाव नसलं तर तो पुढे जात नाही.

"म्हणजे शिरगणतीवाली!" हेलन म्हणाली. "आणि समजा, चुकीच्या कोडखाली नाव घातलंस तर?"

"तर कुठल्यातरी इस्पितळाचं नाहीतर बँकेचं यंत्र भर दुपारी बंद पडतं, आणि खाली माझं नाव असतं."

मग कुणीतरी म्हणालं, बटाट्याच्या सारणात मीठ कमी आहे.

तर, कोडमधल्या बदलांचा तुझा पॅच. वाचला. नेहमीसारखाच नेटका आहे. एकच लहानशी गोष्ट दिसली. मालकिणीला पहिल्यांदा विचारायचं, किती जणांची माहिती आहे. ती सांगेल तेवढी जागा मागून घ्यायची. मग दुसऱ्यांदा म्हणायचं, आता दे. इथवर ठीक. पण या दोन विचारण्यांच्या मध्ये घरात आणखी कुणी आलं, तर दुसऱ्या वेळी ती मोठा आकडा सांगणार, आणि आपली जागा तर जुन्या, लहान आकड्याची. तुझा कोड मोठ्या आकड्यापर्यंत वाचत जातो, म्हणजे आपली हद्द ओलांडून परक्याच्या सामानात. आणि सी भाषा कशी आहे तुला माहीतच आहे, ती कुणाचा हात धरत नाही. आधी तिथे एक लूप होता. आकडा वाढलेला दिसला की घेतलेली जागा सोडायची आणि पहिल्यापासून पुन्हा विचारायचं. तो तू काढला आहेस. मला वाटतं, तो असू द्यावा. ज्याने घातला त्याने काही विचार करूनच घातला असेल.

एवढंच. सवडीने बघ.

हे लिहिताना उगीचच तुमच्याकडची नाताळच्या आदल्या दिवशीची माशांची पंगत आठवली. तुझी आई माणसं मोजून ताटं मांडायची, आणि ताटं मांडून होताहेत तोवर साल मामा न सांगता तिघाचौघांना घेऊन दारात उभे. आई कपाळावर हात मारून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. किती छान दिवस होते गं. मला तर अजूनही बाकालाचा, त्या खारवलेल्या माशाचा, वास आला की भूक लागते.

आणखी एक लिहायचं होतं, पण ते राहू दे. डोळे तपासून घेतलेस का एवढ्यात? सहजच विचारलं.

तुझी,
मिली


ईरी, पेनसिल्व्हेनिया
१७ ऑक्टोबर

मिलीबाई,

पत्र पोचलं. पिरोहीवर दीड पान, गुडघ्यावर चार ओळी, माझ्या आईच्या माशांवर एक परिच्छेद आणि माझ्या कोडवर एक. तोही कसा? मी तापाने फणफणले आहे आणि तू चादरीला सुरकुती पडू नये म्हणून पलंगाच्या अगदी कडेला टेकून बोलते आहेस, असा. 'मला वाटतं, असू द्यावा'! हे कधीपासून? याच मिलीने एकदा अख्ख्या ऑफिसदेखत मला लिहिलं होतं, 'फिलो, हे झोपेत लिहिलंस की व्हिन्सशी भांडून आल्यावर?' आठवडाभर हसत होते मी. (भांडून आल्यावरच लिहिलं होतं.) ती मिली कुठे गेली?

डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवते. डोरीनला जमत नाही, मला जमतं.

साल मामांनी एका वर्षी तिघं नाही, चौघं आणले होते. त्यातल्या एकाच्या मानेला पट्टा होता, त्याला वाकता येईना, म्हणून आईने त्याला सूप चमच्याने भरवलं, आणि मामा म्हणाले, "अगं, तो विवाहित आहे." कालच्यासारखं आठवतं.

आता त्या लूपचं. डायनासोर फिरत होते तेव्हा कुणा महाभागाने घातलेला दिसतो. पापणी लवते न लवते तेवढ्यात कोण येऊन बसणार आहे घरात? साधा कोड तोच चांगला कोड. पण तुझा मुद्दा खरा आहे. पकडलंस बरं! पुढच्या खेपेला दुरुस्त करते.

तुझा तो जर्मनीतला चुका काढणारा येन्स महिनाअखेरीला नव्या पॅचना दार लावून घेणार. तुझ्या नावाशिवाय तो पॅच घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या दारात मी जाणार नाही. इतकी वर्षं तुझ्या खाली माझं आणि माझ्या खाली तुझं नाव बघून नव्या लोकांना वाटतं, कार्बोने-हुडाक नावाचं एक दुकानच आहे. मग आत्ता काय झालं? व्हिन्स गेल्यावर मी एंडिकॉट सोडून लेकीकडे आले, याचा राग असेल तर तसं बोल. मलाही इथे करमतं असं नाही. घरात सगळे माझ्याशी जरा मोठ्याने बोलतात, बहिरी असल्यासारखे.

पण लपवू नकोस. तुला लपवता येत नाही. सिस्टरांनी तुला ते शिकवलंच नाही.

चिडलेली,
फिलो


एंडिकॉट
२२ ऑक्टोबर

प्रिय फिलो,

तू रागावलीस ते बरं झालं. त्यामुळे मला लिहायचं बळ आलं.

मी नाव घालणार नाही. हे पहिल्यांदाच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला आशेने पानं उलटावी लागणार नाहीत.

मागच्या पत्रात जे टाळलं ते असं. ही चूक मी तुला ऑगस्टमध्ये दाखवली होती. सप्टेंबरमध्येही दाखवली. दोन्ही वेळा तू लिस्टवर उत्तर दिलंस, 'पकडलंस बरं! पुढच्या खेपेला दुरुस्त करते.' आणि पुढची खेप आली ती जशीच्या तशी. आता पत्रातही तेच वाक्य आलं. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून जुनी फाइल जोडली असशील. दुसऱ्यांदा वाटलं, माझी गंमत करते आहेस. परवा तुझं पत्र वाचल्यावर मात्र काही वाटून घ्यायचं धैर्य झालं नाही. उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

दुसरी गोष्ट लिहायला याहून जड आहे. पॅचच्या वर तू कारण दिलं आहेस, 'हा लूप कुणी आणि कशासाठी घातला ते कळत नाही, म्हणून काढत आहे.' फिलो, तो तू घातलास.

साल मामांनी चौघं आणले, त्याच नाताळनंतर. सुट्टी संपून आपण ऑफिसला आलो, तर तू कोटसुद्धा न काढता माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, "मिली, सापडलं! यंत्र अधूनमधून बंद का पडतं ते सापडलं. आपण एकदाच मोजतो आणि ताटं मांडतो." दुपारपर्यंत लूप लिहून झाला होता. त्याच्या वर तू एक ओळ लिहून ठेवलीस, 'ताटं मांडून झाली तरी पुन्हा मोजा. मामा येतात.' मी त्याखाली नाव घातलं. नंतर परदेशातल्या लोकांनी किती वेळा विचारलं, हा मामा कोण म्हणून! आपण कधी सांगितलं नाही. जुन्या नोंदीत तुझं नाव आहे, तारीख आहे, कुणीही उघडून बघू शकतं. तुझा पॅच लूपबरोबर मामांची ओळही पुसतो.

पंगत तुला माझ्यापेक्षा चांगली आठवते, मानेचा पट्टासुद्धा आठवतो, आणि लूप आठवत नाही. मला तुझं पत्र वाचताना तेच सगळ्यात लागलं.

येन्सने ती नोंद उघडून पाहिली. त्याचा फोन आला होता. तू ओळखतेसच, तो आधी हवापाण्याचं विचारतो. मग म्हणाला, "मिली, मी हे तिला विचारू शकत नाही, म्हणून तुला विचारतो. कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढायला हवंय का? मी शांतपणे काढीन. कुणी काही बोलणार नाही."

"तू काढलंस तर मी बोलेन," म्हटलं. "तिला विचारल्याशिवाय त्या ओळीला हात लावायचा नाही."

"मग तू विचारशील?"

"विचारते."

असं म्हणून किती दिवस झाले. तेवढ्या दिवसांत मी पिरोही केल्या, अंगणातली पानं गोळा केली, आणि तुला डोळ्यांचं विचारलं.

मला डॉक्टरीतलं काही कळत नाही. थकवा असेल. एखाद्या गोळीचा परिणाम असेल. व्हिन्सचं जाणं असेल, त्यालाही अजून दोन वर्षं झाली नाहीत. पण चूक कशी शोधायची, ते आपल्या दोघींना कळतं. एकदा घडली तर आपण पुढे जातो. त्याच जागी पुन्हा पुन्हा घडली तर कॉफी ओतून घेऊन शोधायला बसतो. तेच करू या. मी गाडी घेऊन ईरीला येते, डॉक्टरांकडे तुझ्याशेजारी बसते. तू बोल, मी टिपून घेईन. डोरीनला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्याआधी तिला सांगणं म्हणजे तुझ्या पाठीमागे बोलणं झालं असतं, मग ती तुझी मुलगी का असेना.

यादीतल्या नावाचं तू ठरव. राहू द्यायचं असेल तर मी येन्सशी भांडेन, आणि तुझा प्रत्येक पॅच लिस्टवर जाण्याआधी माझ्याकडे येईल, असं करू. काढायचं असेल तर रीत तुला माहीत आहे. जाणारा माणूस स्वतःच आपली ओळ काढणारा पॅच पाठवतो. दुसऱ्याने काढली की ती हकालपट्टी दिसते, आणि तुझ्या बाबतीत ते मला सहन होणार नाही.

माझा स्वार्थही सांगून टाकते. तू नसलीस तर माझा कोड कोण वाचणार? नवे लोक फार सभ्य आहेत. 'कदाचित आपण याचा पुनर्विचार करावा का' असं लिहितात. 'झोपेत लिहिलंस का' असं विचारणारं लिस्टवर आता कुणी नाही. मी एकटीच उरेन त्या दुकानात.

मागच्या पत्रात मी पलंगाच्या कडेला बसून बोलले, म्हणून तू रागावलीस. आता सरळ समोर बसून बोलले आहे. यावरही राग आला तर तो पूर्ण माझ्यावर काढ, डोरीनवर नको.

तुझ्या रागाची आणि तुझी,
मिली


ईरी
९ नोव्हेंबर

मिली,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते डोरीनच्या मुलांच्या हाती पडलेलं चाललं नसतं. इटालियनमधून लिहिलं असतं ते.

तुझं पत्र वाचून आधी जुनी नोंद उघडली, तू खोटं बोलतेस हे सिद्ध करायला. मामांची ओळ वाचली आणि एकटीच हसले. मनात म्हटलं, कुणी लिहिलंय हे, किती छान लिहिलंय! मग शेजारचं नाव वाचलं.

त्यानंतर तळ्यावर जाऊन बसले. तिथे पक्ष्यांना पाव घालू नका अशी पाटी आहे. सगळा पाव घातला.

डोरीनला मीच सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं, मी लक्ष देत नाही म्हणून तू एकच गोष्ट मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगतेस. मी किती चिडायचे तुझ्यावर!" मग आम्ही दोघी एकमेकींची माफी मागत बसलो आणि भात करपला. मोठ्याने बोलायचं काय कारण, तेही विचारून घेतलं. मी हाक मारल्यावर लगेच ओ देत नाही, म्हणून. बरं.

डॉक्टरांनी सोळा तारखेला बोलावलंय. तू ये. गाडी हळू चालव, या दिवसांत तळ्याकडून बर्फ कधी येईल सांगता येत नाही. काय निघेल ते निघेल. मला भीती वाटते, मिली, हे तुलाच सांगते. डोरीनसमोर मी सूप ढवळत राहते.

तो पॅच मागे घेतला. लूप जागेवर राहील, मामाही राहतील.

आज सकाळी दुसरा पाठवला आहे. एक ओळ जाते, नवी एकही येत नाही. आयुष्यात याहून लहान पॅच लिहिला नसेल, पण पाठवण्याआधी डोरीनला शेजारी बसवून तो मोठ्याने वाचला. कारणाच्या जागी लिहिलंय, 'मला आता विसरायला होतं. एकच चूक माझ्या मैत्रिणीने मला पुन्हा पुन्हा दाखवली आणि मला ती प्रत्येक वेळी नवी वाटली. जिथे लोक भरवसा ठेवून नाव बघायला येतात, तिथे माझं नाव असू नये.' येन्सचं लगेच उत्तर आलं, फिलोमिना, इतकं उघड लिहायची काही गरज नाही. मी त्याला कळवलं, गरज आहे. मागून येणाऱ्याला ओळ का गेली ते कळायला हवं.

खाली अजून कुणाचं नाव नाही. दोघांतिघांनी 'आम्ही घालू का' म्हणून विचारलं, भली माणसं आहेत. त्यांना थांबायला सांगितलंय.

तू वाच. नेहमीसारखी वाच, माझी कीव करून नको. चूक दिसली तर लिस्टवर सगळ्यांदेखत दाखव, मला आवडेल. नाही दिसली, तर मिली, या खेपेला नाव घाल.

फिलोमिना कार्बोने